नदी, तरवाड आणि पडदा : एम. टी. वासुदेवन नायर यांच्या मुलखात

रविवार : पनवेल ते कोळिकोड

मलयाळम कथाकार, कादंबरीकार आणि पटकथाकार एम. टी. वासुदेवन नायर यांचे २५ डिसेंबर २०२४ रोजी कोळिकोड येथे निधन झाले, तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. केरळात त्यांचा उल्लेख 'एम.टी.' या दोन अक्षरांनीच होतो आणि तेवढ्याने भागते. एका बाजूला साहित्य अकादमी, १९९५ सालचे ज्ञानपीठ, पद्मभूषण आणि मरणोत्तर पद्मविभूषण, तर दुसऱ्या बाजूला उत्कृष्ट पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा, अशी दुहेरी कारकीर्द भारतीय भाषांतल्या फार थोड्या लेखकांच्या वाट्याला आली असेल. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी कथा, कादंबरी आणि पटकथा हे तिन्ही प्रांत हाताळले. पण माडगूळकरांचा माणदेश वाचकांनी मुख्यतः पुस्तकांतून पाहिला, तर एम.टीं.चा वळ्ळुवनाड हा मुलूख पुस्तकांइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच, चित्रपटांनी लोकांच्या डोळ्यांसमोर उभा केला. पुस्तकातला आणि पडद्यावरचा हा मुलूख एकच आहे का, या शंकेने मी प्रवासाला निघालो होतो.

दुपारी पनवेलला नेत्रावती एक्स्प्रेस पकडली आणि रत्नागिरी मागे पडेपर्यंत गीता कृष्णनकुट्टी यांनी इंग्रजीत आणलेली 'नालुकेट्टू' पुन्हा वाचून संपवली. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्या वेळी लेखक पंचविशीत होता. नालुकेट्टू म्हणजे मधल्या अंगणाभोवती चार बाजूंनी बांधलेले घर, आपल्या चौसोपी वाड्याच्या जातीचे. नायरांच्या मातृवंशीय एकत्र कुटुंबाला आणि त्याच्या घराला 'तरवाड' म्हणतात, वारसा आईकडून चालतो आणि कारभार 'कारणवर' म्हणजे वडीलधाऱ्या मामाच्या हाती असतो. आईने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले म्हणून तिचा मुलगा अप्पुण्णी या घराला परका होतो, अपमान गिळत वाढतो, वायनाडच्या मळ्यांत नोकरी करून पैसा जमवतो आणि अखेर ते घरच विकत घेतो. विकत घेतल्यावर मात्र तो म्हणतो की, हे पाडून टाकू, वारा आणि उजेड येईल असे लहानसे घर पुरे. हा शेवट सोबत घेऊनच मला पुढचे सगळे पाहायचे होते.

सोमवार : कोळिकोड

सकाळी गाडी कोळिकोडला पोहोचली. खरे तर एम.टीं.चे आयुष्य कूडल्लूरला सुरू होऊन इथे संपले. माझा प्रवास रेल्वेच्या सोयीने उलट दिशेने चालला होता. युनेस्कोने २०२३ साली या शहराला 'साहित्यनगरी' हा दर्जा दिला, आणि असा मान मिळालेले हे भारतातले पहिले शहर. मिठाई तेरुवु हा इथला जुना बाजार, मानंचिरा तळे, बेपूरला राहणारे वैकोम मुहम्मद बशीर, एस. के. पोट्टेक्काट, अशी इथली जुनी पुण्याई आहे.

१९५७च्या सुमारास एम.टी. इथल्या 'मातृभूमी' साप्ताहिकात उपसंपादक म्हणून रुजू झाले. त्याआधी पट्टांबी आणि चावक्काड इथल्या शाळांत गणित शिकवून झाले होते, तळिपरंबला ग्रामसेवकाची नोकरी अल्पकाळ करून सोडलीही होती. त्या वेळी साप्ताहिकाची सूत्रे कवी एन. व्ही. कृष्ण वारियर यांच्याकडे होती. १९६८मध्ये ती एम.टीं.कडे आली आणि त्याच वर्षी ओ. व्ही. विजयन यांची 'खसाक्किन्टे इतिहासम' ही कादंबरी या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली. ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. विजयन यांची ती कादंबरी एम.टीं.च्या लेखनाच्या अगदी विरुद्ध टोकाची आहे: भाषा अनघड, काळ मोडलेला, नायक सगळ्या नात्यांतून निसटलेला. जे गद्य उद्या आपल्याच गद्याला जुने ठरवू शकेल, ते हौसेने छापणारा संपादक विरळा. एम. मुकुंदन, पुनत्तिल कुंजब्दुल्ला, पॉल झकारिया हे पुढच्या पिढीचे लेखकही या साप्ताहिकाच्या पानांवरून वाचकांपर्यंत गेले. १९८१ साली त्यांनी ही जागा सोडली, १९८९मध्ये नियतकालिकांचे संपादक म्हणून ते परतले आणि १९९९मध्ये निवृत्त झाले. तीन दशकांहून अधिक काळ दुसऱ्यांचे लेखन तपासणाऱ्या माणसाचे स्वतःचे लेखन इतके आटोपशीर का, याचे एक उत्तर या कचेरीत असावे.

कोट्टारम रस्त्यावरचे त्यांचे 'सितारा' हे घर कुटुंबाचे राहते घर आहे, म्हणून त्या बाजूला गेलो नाही. आपले पार्थिव सभागृहात दर्शनासाठी ठेवू नये आणि लोकांचा खोळंबा करू नये, अशी त्यांची इच्छा होती. त्यामुळे अंत्यदर्शन या घरीच झाले आणि मावूर रस्त्यावरच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. माणूस कमी बोलणारा म्हणून प्रसिद्ध होता. पण ११ जानेवारी २०२४ रोजी याच शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर भरलेल्या साहित्य महोत्सवात मुख्यमंत्री व्यासपीठावर असताना त्यांनी सत्तेची मग्रुरी आणि नेत्यांची पूजा यांवर लिहून आणलेले भाषण वाचले, आणि पुढचे अनेक दिवस केरळातली वर्तमानपत्रे त्याच विषयाने भरून गेली. संध्याकाळी किनाऱ्यावर सुलैमानी, म्हणजे लिंबू पिळलेला कोरा चहा, घेताना शेजारच्या बाकावरचे दोन वृद्ध गृहस्थ अजूनही कुठल्याशा भाषणावर वाद घालत होते. ते तेच भाषण होते की नाही, हे मलयाळम येत नसल्याने कळण्यास मार्ग नव्हता.

मंगळवार : वडकरा आणि लोकनारकावु

कोळिकोडच्या उत्तरेला वडकरा हे कडत्तनाड या जुन्या संस्थानातले गाव, आणि तिथून थोड्या अंतरावर लोकनारकावु भगवतीचे देऊळ. उत्तर मलबारच्या वीरांचे पोवाडे, ज्यांना 'वडक्कन पाट्टुकळ' म्हणतात, ते याच परिसरातले. तच्चोळी ओतेनन या वीराची ही देवी. इथे येण्याचे कारण १९८९ सालचा 'ओरु वडक्कन वीरगाथा' हा हरिहरन यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट, ज्याने एम.टीं.ना पटकथेचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

पोवाड्यातला चंतु हा विश्वासघातकी. पुत्तूरम घराण्याचा आरोमल चेकवर दोन जमीनदारांच्या भांडणात एकाच्या बाजूने द्वंद्वाला उभा राहतो, त्याचा सोबती चंतु तलवारीत कच्च्या खिळी बसवून आणतो, तलवार ऐन वेळी मोडते, आणि जखमी आरोमल चंतूच्या मांडीवर डोके ठेवून विसावला असताना चंतु त्याला दिव्याच्या टोकाने भोसकतो. केरळात पिढ्यान् पिढ्या 'चंतु' हे दगाबाजाचेच दुसरे नाव होते. एम.टीं.नी एकही प्रसंग गाळला नाही. त्यांनी फक्त प्रत्येक प्रसंगाचे कारण बदलले. त्यांचा चंतु हा मामाच्या घरी आश्रितासारखा वाढलेला पोरका भाचा आहे, गुण असूनही मागे ठेवलेला, प्रेमात फसवला गेलेला, आणि न केलेल्या गुन्ह्याची अपकीर्ती आयुष्यभर वाहणारा. मामुट्टी यांच्या अभिनयालाही त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

देवळाच्या आवारात बसून विचार करताना लक्षात येते की हा चंतु म्हणजे वेश बदललेला अप्पुण्णीच आहे. १९८४ सालच्या 'रंडामूळम' या कादंबरीतला भीमही त्याच कुळातला. महाभारत भीमाच्या तोंडून सांगणाऱ्या या कादंबरीत भीम हा नेहमी दुसऱ्या क्रमांकावर उभा असलेला, ज्याच्या बळावर युद्ध जिंकले जाते आणि ज्याच्या मनाला कोणी विचारत नाही असा पुरुष आहे. कर्णाच्या बाजूने महाभारत वाचायची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा भीम प्रथम खटकतो, कारण कर्णाच्या दुःखात एक उदात्त तेज असते, तर भीमाचे दुःख घरगुती आहे: भावाने आपल्याला मूर्ख समजावे, बायकोने दुसऱ्याकडे पाहत आपल्याकडून काम करून घ्यावे. मला स्वतःला हे दुःख अधिक खरे वाटते. १९७७च्या नोव्हेंबरात गंभीर आजारातून उठल्यानंतर आपण या कादंबरीकडे वळलो, असे लेखकाने तिच्या शेवटच्या टिपणात नोंदवले आहे. ती 'कलाकौमुदी' साप्ताहिकात नंबूतिरी या चित्रकाराच्या रेखाटनांसह प्रसिद्ध झाली, आणि केरळातल्या वाचकांना आजही भीम त्या रेषांतच दिसतो.

बुधवार : तिरूर

तिरूरला उतरून तुंचन परंबु पाहिले. मलयाळम भाषेचे जनक मानले जाणारे तुंचत्तु एळुत्तच्चन यांचे हे स्थान. इथल्या कुचल्याच्या झाडाची पाने कडू लागत नाहीत असा समज आहे. मी पान चावून पाहिले नाही. विजयादशमीला मुलांना पहिले अक्षर गिरवायला घेऊन येणाऱ्यांची इथे रीघ लागते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून एम.टी. या स्मारकाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते आणि दरवर्षी स्वतः मुलांची बोटे धरून अक्षरे गिरवून घेत. ग्रंथालय, संग्रहालय, वार्षिक उत्सव, असे सगळे त्यांच्या काळात उभे राहिले. नीटनेटके, शांत आवार आहे, आणि दोन तासांत पाहून होते. बसने कुट्टिप्पुरमला मुक्कामाला गेलो.

गुरुवार : कुट्टिप्पुरम, कूडल्लूर, मलमक्कावु, कुमरनल्लूर

माझे एक जुने सहकारी अर्धे आयुष्य डोंबिवलीत काढून निवृत्तीनंतर पट्टांबीला परतले आहेत. ते सकाळी रिक्षा ठरवूनच आले आणि त्यांच्या डोंबिवलीच्या मराठीमुळे आजचा दिवस सोपा झाला.

प्रथम कुट्टिप्पुरमच्या पुलावर थांबलो. भारतप्पुळा, जिला इथले लोक आणि कवी निळा म्हणतात, ती २०९ किलोमीटर लांबीची, पेरियारनंतर केरळातली दुसरी मोठी नदी. हा पूल १९५३ साली खुला झाला आणि पोन्नानीचे कवी इडश्शेरी गोविंदन नायर यांनी त्यावर लिहिलेली कविता शाळेत शिकलेला प्रत्येक मलयाळी जाणतो. पुलाचा अभिमान आणि नदीचे पुढे काय होणार याची धास्ती तिच्यात एकत्र आहे. धास्ती खरी ठरली. वर धरणे झाली, खाली वाळूचा बेसुमार उपसा झाला, आणि जानेवारीत पुलावरून पाहताना पात्रात पाण्यापेक्षा गवत जास्त दिसते. २०१८च्या महापुरात हीच नदी काठावरच्या घरांत शिरली होती, असे सहकाऱ्यांनी सांगितले.

कूडल्लूर इथून नदीच्या वरच्या अंगाला आहे, तूतप्पुळा निळेला मिळते त्या संगमाजवळ. पालक्काड जिल्ह्यातल्या या गावात १९३३ साली एम.टीं.चा जन्म झाला. वडील सिलोनमध्ये नोकरीला, त्यांचे मूळ गाव पुन्नयूरकुळम. आई अम्माळु अम्मा मुलांना घेऊन तरवाडात. योगायोग असा की मद्रास इलाख्याचा मरुमक्कत्तायम कायदा अमलात आला तोही १९३३मध्येच. या कायद्याने मातृवंशीय कुटुंबाच्या शाखांना वाटणी मागण्याची वाट मोकळी केली आणि शतकानुशतके अविभाज्य मानलेली घरे कोर्टाच्या पायऱ्या चढू लागली. म्हणजे ज्या पद्धतीच्या पडझडीवर एम.टीं.नी आयुष्यभर लिहिले, तिला कायद्याने तडा दिला त्याच वर्षी ते जन्मले. पुढे १ जानेवारी १९७० पासून जमीन सुधारणांनी कूळवहिवाट संपवली आणि १९७०च्या दशकातच केरळने एकत्र हिंदू कुटुंबाची पद्धत कायद्याने रद्द केली. आपल्याकडच्या कूळकायद्याने वाडे कसे ओस पडले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्यांच्या कुटुंबाचे घर हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, त्यामुळे आम्ही नदीकाठच्या रस्त्यानेच फिरलो. अज्ञात आश्चर्ये पोटात बाळगणाऱ्या महासागरांपेक्षा मला माझी ओळखीची निळा अधिक प्रिय आहे, अशा आशयाचे त्यांचे वाक्य इथे सर्वतोमुखी आहे, आणि सहकाऱ्यांनीही ते मला काठावर उभे राहून ऐकवले. पण या वाक्याने एम.टीं.चे थोडे नुकसानही केले आहे, असे माझे मत झाले. त्यामुळे वाचक त्यांच्याकडे नदीचे सौंदर्य मागायला जातो. त्यांच्या कथांत नदी असते ती ओलांडायची, पुरात अडकायची, शाळेला उशीर करणारी नदी. आणि तिच्या काठावरचे मुख्य वास्तव असते भात. धान्याच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, कारणवराने या महिन्यात किती भात मोजून दिले, कोणाच्या मुलांना वाढले आणि कोणाच्या मुलांना थांबवले, यांवर त्यांची कथा चालते. 'कर्कटकम' या कथेचे नाव ऐन पावसातल्या टंचाईच्या महिन्याचे आहे. भुकेला मुलगा शाळेतून घरी येतो, आणि घरात दाणा नसताना त्याच दिवशी पाहुणा दारात उभा राहतो. आईची धावपळ आणि मुलाची भूक, एवढाच तिचा ऐवज. एका वाढदिवसाच्या आठवणीवरची त्यांची कथा अशीच आहे: मुलाच्या वाढदिवसापुरते भात मागणाऱ्या आईच्या वाट्याला भावाचा मार येतो. या कथा वाचून या गावात आले की, शेताच्या बांधावरून दिसणारा मोठ्या घराचा कौलारू माथा नयनरम्य वाटेनासा होतो.

वडिलांच्या सिलोनचाही एक धागा आहे. सिलोनहून परतलेले वडील सोबत एक लहान मुलगी आणतात, घरात कुजबुज आणि भांडण सुरू होते, आणि ती मुलगी पुन्हा निघून जाते, अशी 'निन्टे ओर्मक्कु' ही कथा. कित्येक वर्षांनी लिहिलेल्या 'कडुगण्णावा' या कथेत प्रौढ नायक श्रीलंकेत गेला असता तिचा शोध घेतो. स्वतःच्याच जुन्या कथेचे देणे असे चुकते करणारा लेखक मी दुसरा वाचलेला नाही.

जेवण रस्त्यालगतच्या छोट्या खानावळीत केळीच्या पानावर झाले: लालसर मट्टा भात, सांबार, पुळिंगरी आणि तळलेली मत्ती. मग मलमक्कावुला गेलो. एम.टी. इथल्या प्राथमिक शाळेत शिकले. इथल्या अय्यप्पन देवळाच्या तळ्याबद्दल अशी श्रद्धा आहे की पायरीवर दक्षिणा ठेवून प्रार्थना केली, तर दुसऱ्या दिवशी तळ्यात निळे कमळ उमलते. या श्रद्धेवरच त्यांनी १९७९ सालच्या 'नीलत्तामरा' या चित्रपटाची पटकथा बेतली. मोठ्या घरात कामाला आलेली मुलगी आणि त्या घरचा मुलगा यांची ती साधी, निष्ठुर गोष्ट. तीस वर्षांनी, २००९मध्ये, लाल जोस यांनी ती पुन्हा चित्रित केली. दोन्हींत एक फरक मला जाणवतो. नव्या चित्रपटात तळे, कमळ, पाऊस आणि गाणी इतकी देखणी आहेत की मुलीच्या फसवणुकीची धार बोथट होते.

जवळच पन्नियूरचे वराहमूर्तीचे देऊळ आहे. पेरुन्तच्चन या दंतकथेतल्या थोर सुताराने आपली पटाशी आणि मोजपट्टी इथेच ठेवून दिली, अशी आख्यायिका आहे. मुलाचे कौशल्य सहन न होऊन त्याच्या अंगावर पटाशी सोडणाऱ्या या बापाची पटकथा एम.टीं.नी लिहिली, तिलकन यांनी ती भूमिका केली आणि अजयन यांचा तो १९९० सालचा चित्रपट मला त्यांच्या पडद्यावरच्या कामांतला सर्वांत घट्ट विणीचा वाटतो. मत्सर आणि अपघात यांतली रेषा तिथे अखेरपर्यंत स्पष्ट होत नाही, आणि संवाद तर मोजके आहेत.

परतताना कुमरनल्लूरची शाळा बाहेरून पाहिली. या एका गावच्या शाळेने दोन ज्ञानपीठ विजेते दिले: एम.टी. आणि २०१९ सालचे मानकरी कवी अक्कित्तम अच्युतन नंबूतिरी. अक्कित्तमांच्या घरी पुस्तके होती, आणि विद्यार्थी वासुदेवन ती मागून आणायला पायी जात असे. १९४८मध्ये मद्रासहून निघणाऱ्या 'चित्रकेरळम' मासिकात विषू सणाच्या फटाक्यांवरची त्याची कथा छापून आली, तेव्हा तो शाळकरी वयातच होता.

शुक्रवार : मूक्कुतला

एडप्पाळजवळचे मूक्कुतला हे मलप्पुरम जिल्ह्यातले गाव १९७३ सालच्या 'निर्माल्यम'साठी निवडले गेले होते. एम.टीं.नी स्वतः दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट, आपल्याच 'पळ्ळिवाळुम काल्चिलंबुम' या कथेवर बेतलेला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि पी. जे. अँटनी हे अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे पहिले मलयाळम नट ठरले.

नायक वेळिच्चप्पाड आहे, म्हणजे देवीचे वारे अंगात घेणारा, हाती वाकडी तलवार आणि पायी चाळ बांधलेला भगत. देवळाकडे कोणी फिरकत नाही, धान्याच्या रूपाने मिळणारे मानधन आटले आहे, शिकलेला मुलगा बेकार आहे आणि तो देवीची तलवारच भंगारात विकायला निघतो. गावात देवीच्या रोगाची साथ आली की उत्सवाचे पैसे जमतात, आणि भगताला वाटते की आपले दिवस फिरले. त्याच दिवशी त्याला कळते की बायकोने सावकाराशी संबंध ठेवून मुलांची पोटे भरली. तो शेवटचे वारे खेळतो, तलवारीने कपाळ फोडून घेतो, तोंडातले रक्त देवीच्या मूर्तीवर थुंकतो आणि कोसळतो. असा शेवट असलेला चित्रपट आज निघू शकेल का, हा प्रश्न केरळात अधूनमधून विचारला जातो. देवळाजवळ भेटलेल्या एका वयस्क गृहस्थांना सहकाऱ्यांनी तोच प्रश्न केला, ते म्हणाले, "चित्रपट निघेल हो, पण गाव मिळणार नाही."

इथे पुस्तक आणि पडदा यांत मला फट दिसली नाही. देवळाचे आवार, झिजलेल्या पायऱ्या, चुलीवरचे रिकामे भांडे, हे सगळे चित्रपटात आले ते उत्पन्नाचे साधन किंवा त्याचा अभाव म्हणून. १९६५ सालच्या 'मुरप्पेण्णु'पासून एम.टीं.नी मलयाळम चित्रपटाला स्टुडिओतून काढून निळेच्या काठावर आणले आणि वळ्ळुवनाडची बोली पात्रांच्या तोंडी घातली. १९७० साली पी. एन. मेनन यांच्या 'ओलवुम तीरवुम'मध्ये नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या मुसलमान कष्टकऱ्यांची गोष्ट सांगितली. हे चित्रपट काळे-पांढरे असल्याचाही फायदा झाला असावा, कारण नदी त्यांत हिरवीगार दिसतच नाही.

शनिवार : ओट्टप्पालम

मनिश्शेरीचे वरिक्काश्शेरी मना पाहिले. नंबूतिरी ब्राह्मणांचे हे प्रचंड घर शेकडो चित्रपटप्रेमींना ठाऊक आहे ते १९९३च्या 'देवासुरम'मुळे, ज्याची पटकथा रंजित यांची. मोहनलाल यांनी रंगवलेला मस्तवाल जमीनदार याच ओसरीवर बसला होता. आज त्याच जागी लोक ओळीने छायाचित्रे काढून घेत होते. एम.टीं.चे तरवाड नायरांचे, हे घर नंबूतिरींचे. बांधणी, ऐपत आणि रीती सगळेच वेगळे. पण पडद्याने हा भेद पुसून टाकला आणि 'जुने थोर घर' एवढेच उरवले.

माझ्या शंकेचा निवाडा मला इथे मिळाला. एम.टीं.नी ज्या मुलखात कॅमेरा आणला तो मुलूख नंतरच्या दिग्दर्शकांनी नेपथ्य म्हणून वापरला, आणि ज्या घराला अप्पुण्णी पाडायला निघाला होता त्याच घरात आता सुट्टीसाठी खोल्या मिळतात. यात एम.टीं.चा काहीच वाटा नाही, असेही म्हणता येत नाही. १९८०च्या दशकातल्या त्यांच्या काही कौटुंबिक पटकथांत जुन्या घराबद्दलची हळहळ रागापेक्षा वरचढ झालेली आहे. मात्र १९९४च्या 'परिणयम'मध्ये ते पुन्हा आपल्या मूळ ठिकाणी येतात. विसाव्या शतकाच्या आरंभी गाजलेल्या कुरियेडत्तु तात्रीच्या प्रकरणाची, म्हणजे नंबूतिरी स्त्रीच्या शीलाची पुरुषांनी मांडलेल्या चौकशीची, आठवण त्या पटकथेमागे आहे, आणि तिच्यातल्या मोठ्या घराच्या भिंती पुन्हा तुरुंगाच्या वाटतात. या मनाची ओसरी ओलांडून आत, बायकांच्या अंधाऱ्या खोल्यांकडे, त्या दिवशी फारसे कोणी जात नव्हते.

रविवार : पालक्काड

शेवटचा मुक्काम पालक्काडच्या सरकारी व्हिक्टोरिया महाविद्यालयाचा. रविवार असल्याने फाटकातूनच पाहिले. एम.टी. इथून १९५३ साली रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले. त्याच्या आदल्या वर्षी मित्रांच्या मदतीने त्यांचा पहिला कथासंग्रह छापला गेला होता. ओ. व्ही. विजयनही याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. नोकरीच्या शोधातल्या या पदवीधराच्या 'वळर्त्तुमृगंगळ' या कथेला १९५४मध्ये न्यू यॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनच्या जागतिक कथास्पर्धेच्या निमित्ताने मलयाळममध्ये पहिला क्रमांक मिळाला आणि लेखक म्हणून त्यांचे नाव झाले.

ही कथा सर्कशीत काम करणाऱ्या माणसांची आहे. तिच्यात निळाही नाही आणि तरवाडही नाही. १९६४ सालची 'मंजु' ही कादंबरी नैनितालच्या तळ्याकाठी घडते, शेवटची 'वाराणसी' गंगेच्या घाटांवर. त्यांच्या पटकथेवरच्या 'सदयम' या चित्रपटातला फाशीची वाट पाहणारा कैदी कुठल्याही गावचा असू शकतो. १९६९च्या 'कालम'चा नायक सेतू गाव सोडतो, पैसा मिळवतो, आणि परतल्यावर त्याला ऐकावे लागते की त्याचे प्रेम आयुष्यात एकाच माणसावर होते, ते म्हणजे स्वतःवर. ज्या मराठी वाचकाला एम.टी. वाचायला सुरुवात करायची असेल, त्याने 'नालुकेट्टू'पाशी न थांबता लगेच 'कालम' घ्यावी. घर मोडून बाहेर पडलेल्या माणसाचे पुढे काय होते, याचा हिशेब तिथे आहे. सहकाऱ्यांनी मला स्थानकावर सोडले तेव्हा 'मंजु'ची एक प्रत हाती दिली, मलयाळममधली, आणि लिपी शिकायला तुम्हाला फार तर एक पावसाळा लागेल, असे बजावले.